शिळ्या पिझ्झ्याचं आख्यान

इंदुताई घैसासांच्या फ्रिजचा वरचा कप्पा देवाचा होता. नैवेद्याचं दूध, लोणी आणि झाकलेलं दही, एवढंच तिथे राहायचं. फ्रिज जुना असताना हा नियम होता आणि आता सुनेने प्रयोगशाळेतून चाचणीसाठी नवा, हुंगणारा फ्रिज आणून बसवला तरी नियम तोच. ऋजुता हसून म्हणाली होती, "आई, यंत्राला नाक आहे, सोवळं नाही." इंदुताई म्हणाल्या, "मग सोवळं मी बघते, नाक त्याने सांभाळावं."

या कारभारात फट कुठे राहिली ते मार्चमधल्या एका रविवारी कळलं.

आदल्या संध्याकाळी नातीचा, ओवीचा, दहावा वाढदिवस झाला. अकरा मुलं, चार पिझ्झे. मुलांनी तुकडे उचलले, परत ठेवले, कुणी वरचं चीज ओढून खाल्लं आणि शेवटी नऊ तुकडे उरले. मुलांना घरोघर सोडायला निघताना ऋजुता दारातून ओरडली, "आई, उरलेलं लगेच फ्रिजमध्ये! दोन तासांच्या आत!"

इंदुताईंनी खोक्याकडे पाहिलं. खोकं अजून कोमट होतं आणि कोमट वस्तू फ्रिजमध्ये ठेवू नये, असं त्यांची आई सांगायची. त्यातून अकरा जणांचे हात लागलेलं खरकटं. ते देवाच्या दुधाशेजारी कसं ठेवायचं? त्यांनी खोकं ओट्यावर जाळीखाली ठेवलं. निवलं की बघू म्हणाल्या आणि विसरल्या.

सकाळी सात वाजता त्यांना ते दिसलं. मिरजेत अलीकडे मार्चच्या रात्रीसुद्धा पंखा पुरत नसे, भिंतीवरच्या तापमापकाचा काटा अठ्ठावीसवर होता. इंदुताईंचा जीव चुटपुटला. अन्न टाकायचं त्यांच्या हाताला माहीतच नव्हतं. त्यांनी बिडाचा तवा चढवला आणि तुपाचं बोट फिरवून एकेक तुकडा चरचरीत, कडा काळपट होईपर्यंत भाजला. अग्नीने सगळं शुद्ध होतं, असं मनाशी म्हणत तुकडे स्टीलच्या डब्यात भरले. भाजलं म्हणजे खरकटेपणही गेलं. डबा निवल्यावर त्यांनी तो फ्रिजच्या देवडीत ठेवला.

देवडी म्हणजे त्या फ्रिजचा बाहेरचा छोटा कप्पा. डब्याचं झाकण उघडं ठेवून तिथे अर्धं मिनिट थांबायचं. अन्नात जिवाणू वाढू लागले की ते अगदी बारीक प्रमाणात वायू सोडतात. माणसाच्या नाकाला तो वास येईपर्यंत फार उशीर झालेला असतो, कुत्र्याला त्याआधी कळतं आणि ऋजुताच्या यंत्राला कुत्र्याच्याही आधी. कुत्र्याच्या नाकातल्या वास ओळखणाऱ्या प्रथिनांची नक्कल करून तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी नखाएवढ्या पट्टीवर चारशे कृत्रिम नाकपुड्या बसवल्या होत्या. वास संशयास्पद आला की लाल दिवा लागे आणि आतला दरवाजा उघडत नसे. चांगला असला तर हिरवा. यंत्राचं नाव होतं नासिका.

हिरवा दिवा लागला. "सुरक्षित," नासिका गोड आवाजात म्हणाली.

इंदुताईंना वाटलं, चला, आपल्या तव्याला यंत्राचीसुद्धा पसंती मिळाली.

*

अकराच्या सुमारास हबीबभाई तालमीला आले. गेली तीस वर्षं इंदुताईंच्या कीर्तनाला पेटीची साथ त्यांचीच. येत्या गुरुवारी राममंदिराच्या फाटकाशेजारी शहरातलं पहिलं वाटाघर सुरू होणार होतं आणि उद्घाटनाला इंदुताईंचं अर्ध्या तासाचं कीर्तन ठरलं होतं.

वाटाघर म्हणजे रस्त्यावरचा मोठा सार्वजनिक फ्रिज. लग्नाचं, हॉटेलचं, घरचं उरलेलं अन्न कुणीही आणून ठेवावं, लागेल त्याने घेऊन जावं. मिरजेत दवाखाने गल्लोगल्ली. पार कर्नाटकातून आलेले नातेवाईक पेशंटच्या उशाशी आठ आठ दिवस बसून असतात आणि फुटाण्यांवर दिवस काढतात. एकीकडे अन्न उकिरड्यावर आणि एकीकडे ही माणसं उपाशी, याचं कारण एकच होतं. शिळं दिलं आणि कुणाला बाधलं तर? ही भीती नासिका घालवणार होती. ऋजुताची सहा वर्षं त्यात गेली होती आणि पाठोपाठ चाळीस वाटाघरं मंजूर होण्याच्या वाटेवर होती.

"ताई, पोटात कावळे ओरडतायत. भैरवीत काय सूर लागणार?" हबीबभाई म्हणाले.

इंदुताईंनी डब्यातले चार तुकडे गरम केले. दोन त्यांना, एक स्वतःला आणि एक ओवीच्या ताटलीत.

"हे काय, भाकरीवर रबर?"

"खा मुकाट्याने. यंत्राने पास केलंय."

ओवी तेवढ्यात शेजारी सायकल दाखवायला पळाली. तिचा तुकडा तसाच राहिला.

दीड वाजता पूर्वरंगाच्या मध्यावर हबीबभाईंची बोटं पट्ट्यांवर थांबली. "ताई, जरा..." एवढंच म्हणून ते तोंडावर हात धरून मोरीकडे धावले. पाठोपाठ इंदुताईंच्या पोटात पीळ पडला. पुढचे तीन तास घरात कीर्तन नव्हतं, नुसता टाहो होता.

संध्याकाळी साखर-मिठाचं पाणी घोटघोट पीत दोघं दोन भिंतींना टेकून बसले. "ताई," हबीबभाई क्षीण आवाजात म्हणाले, "तुमच्या तव्याला माझा सलाम. पण लांबून."

इंदुताईंना हसू आलं नाही. त्यांची नजर ओवीच्या ताटलीवर होती. तुकडा तिथेच, कडेला मुंगी लागलेला. त्यांनी तो उचलला आणि डब्यातल्या उरलेल्या पाच तुकड्यांसकट कचऱ्यात टाकला. आयुष्यात पहिल्यांदा अन्न टाकताना त्यांचा हात अडला नाही.

ऋजुता दिवसभर प्रयोगशाळेत होती. आल्यावर म्हणाली, "ऊन बाधलं का हो?" इंदुताई म्हणाल्या, "असेल."

*

त्या "असेल"ने त्यांना झोपू दिलं नाही. यंत्राने हिरवा दिवा दिला होता. म्हणजे जे अन्न खाऊन आपण आडवे झालो, तेच अन्न गुरुवारनंतर एखाद्या दवाखान्याबाहेर बसलेल्या बाईच्या हातात हिरव्या दिव्यासकट पडेल. बोलावं तर सुनेच्या सहा वर्षांवर पाणी. गप्प बसावं तर कीर्तनाला उभं कुठल्या तोंडाने राहायचं? लोकांना खरं सांगा म्हणून टाळ्या घ्यायच्या आणि स्वतः?

सोमवारी सकाळी ऋजुता चहाचा कप हातात घेऊन उभ्याउभ्याच निघायच्या घाईत होती.

"बस जरा," इंदुताई म्हणाल्या. "मी तुझ्या यंत्राला फसवलं."

त्यांनी सगळं सांगितलं. जाळी, तवा, तूप, हिरवा दिवा, हबीबभाई. शेवटी ओवीची ताटली.

ऋजुताचा चहा तसाच राहिला. पहिला प्रश्न तिच्यातल्या शास्त्रज्ञाने विचारला. "किती तास बाहेर होतं?"

"नऊ ते सात."

"दहा तास. अठ्ठावीस अंशांना. अकरा मुलांचे हात लागलेलं." ती खुर्चीवर बसली. "आई, माणसाच्या कातडीवर, नाकात एक जिवाणू असतो. हाताने अन्नात जातो. उबेत वाढतो आणि वाढताना विष सोडतो. तुम्ही भाजलंत तेव्हा जिवाणू मेले, त्यांचा वासही धुरासोबत गेला. पण ते विष आगीला दाद देत नाही."

"म्हणजे चोर जळाला, पण विहिरीत विष टाकून गेला."

"अगदी तसंच. आणि नासिका फक्त चोराचा वास घेते."

दुसरा प्रश्न सुनेने विचारला. "मला सकाळीच का नाही सांगितलंत, की खोकं रात्रभर बाहेर राहिलंय?"

"सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, घाला ते सोवळं चुलीत."

ऋजुताने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "म्हणाले असते."

"म्हणून नाही सांगितलं."

मग ऋजुता खिडकीकडे बघत हळूच म्हणाली, "गुरुवारी सगळं पार पडलं असतं. हे आपल्या दोघींशिवाय कुणाला कळलंही नसतं."

"आपल्या दोघींना कळलं असतं की," इंदुताई म्हणाल्या.

ऋजुताने डोळे पुसले आणि ती उठली. "तुमचा तवा द्या."

"काय?"

"तवा. तूपही द्या. हा प्रयोग जसाच्या तसा करायचाय."

मंगळवारी ती काळवंडलेला तवा पिशवीत घेऊन परत आली. दहा पिझ्झे, दहा वेळा तोच प्रकार. दहापैकी सात वेळा हिरवा दिवा. तिने त्याच संध्याकाळी मंजुरी समितीच्या प्रमुख डॉ. बिडवईंना फोन करून स्वतःच उद्घाटन थांबवलं. फोनवरचा आवाज इंदुताईंनाही ऐकू आला. "रामनवमीच्या उत्सवापर्यंत वेळ देते, ऋजुता. पाच आठवडे. त्यानंतर नासिका चुकली, तर वाटाघर हा विषय बंद."

*

पाच आठवड्यांतले तीन नुसतेच गेले. ऋजुता घरी यायची ती सुकलेल्या चेहऱ्याने. तिची अडचण साधी होती आणि म्हणूनच अवघड. नासिकेला आत्ताचं कळत होतं, कालचं नाही. अन्नाला स्मरण हवं होतं आणि तेही असं की माणसाने भाजून, धुऊन, पुसून जाणार नाही. कारखान्यात असे रंग बदलणारे बिल्ले असतात, औषधांच्या खोक्यावर चिकटवतात. पण खोकं टाकून माणूस पिझ्झा डब्यात भरतो, तेव्हा बिल्ला खोक्याबरोबर कचऱ्यात जातो. अन्नावरच लावायचा तर तो खाता यायला हवा.

चैत्र जवळ आला तसं इंदुताईंनी देवळासाठी कुंकू करायला घेतलं. दरवर्षीची रीत. ऋजुता दमून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती. परातीत पिवळीधमक हळद, त्यात लिंबाचा रस, टाकणखार. इंदुताईंचा हात फिरत होता आणि हळद डोळ्यांदेखत लाल होत होती.

"लहानपणी मला जादू वाटायची," इंदुताई म्हणाल्या. "सुकवा, कुटा, चाळा. एकदा कुंकू झालं की त्याची परत हळद होत नाही."

ऋजुताने परातीत बोट बुडवलं. बोट लाल झालं. ती त्या बोटाकडे बघतच राहिली.

"काय गं?"

"आई," ती उठली, पायात एक चप्पल एकीची, एक दुसरीची, "तुम्ही हे मला सहा वर्षांपूर्वी का नाही दाखवलंत?"

"दरवर्षी करते की! तू घरात असतेस कुठे?"

बारा दिवसांत ठिपका तयार झाला. मोहरीच्या दाण्याएवढा, तांदळाच्या पापुद्र्यात गुंडाळलेला. आत हळद आणि कलिंगडाच्या बियांतून काढलेलं एक विकर, म्हणजे निसर्गातला कामगार म्हणा. उबेत हा कामगार झपाट्याने सोड्यासारखा क्षार बनवतो, गारव्यात आळसावतो. क्षार साचला की हळद लाल. फ्रिजमध्ये चार अंशांवर ठिपका तीन-चार दिवस पिवळा राहतो, म्हणजे शिळा पिझ्झा जितके दिवस ठेवावा तितकेच. ओट्यावर राहिला तर दोन तासांत नारिंगी, चार तासांत लाल. आणि तव्यावर चढवला तर? त्यासाठी आत खाण्याच्या सोड्याचे कोरडे कण होते. सोडा तापला की जहाल होतो आणि ठिपका एका मिनिटात कुंकवासारखा. एकदा गरम केलेलं पुन्हा साठवू नये, हाही नियम त्यातच आला. पिझ्झा चावण्याइतका निवला की ठिपका कडेला लावायचा, खाताना तो खाऊनच टाकायचा. यंत्र वास घेणार आणि ठिपका बघणार. दोघांचं एकमत झालं तरच दरवाजा उघडणार.

अहवाल लिहिताना ऋजुताने वाक्य लिहिलं, "एका वापरकर्त्याच्या अनुभवावरून दोष लक्षात आला."

"एका वापरकर्त्याच्या कशाला?" इंदुताई मागून वाचत होत्या. "नाव घाल. आणि मी कीर्तनात सांगणार आहे."

"आई, भर सभामंडपात? लोक हसतील हो."

"हसू दे. घरोघरी हा तवा आहे, ऋजुता. भिंतीवर नियम लिहिलेस तर कुणी वाचणार नाही. आणि हसलेला माणूस विसरत नाही."

*

रामनवमीच्या उत्सवात तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता सभामंडप भरला. फाटकाशेजारी निळं वाटाघर झाकून उभं. पुढच्या रांगेत डॉ. बिडवई, शेजारी सहा बंद डबे. ते त्यांनी स्वतः आणले होते. कुठल्या डब्यावर काय गुदरलंय ते फक्त त्यांना ठाऊक होतं.

इंदुताई उभ्या राहिल्या. पदर खोचला, झांज वाजली, हबीबभाईंनी सूर दिला. नमन झालं आणि त्या म्हणाल्या, "मंडळी, आज आख्यान देवादिकांचं नाही. आज आख्यान शिळ्या पिझ्झ्याचं."

मंडप खदखदला.

"हसा. त्या दिवशी हबीबभाई हसले नव्हते."

हबीबभाईंनी पेटीवर एक करुण तान घेतली. हास्याचा दुसरा लोट आला. इंदुताईंनी अकरा मुलांचे हात सांगितले, जाळी सांगितली, तवा सांगितला. यंत्राचा गोड आवाज काढून दाखवला. आणि हसता हसता मंडपाला कधी शांत केलं ते कळलंच नाही. त्या ओवीच्या ताटलीपाशी आल्या होत्या.

"तो तुकडा तिने खाल्ला नाही, ही देवाची कृपा. पण माझ्या सुनेच्या यंत्राचं नाक कापायला निघालेली मीच. मी भाजलं कशासाठी? अन्नाच्या मायेपोटी. गप्प बसणार होते कशासाठी? अब्रूपायी. माया आणि अब्रू, दोन्ही चांगल्याच. पण पोटात गेल्यावर विष विचारत नाही, तुझा हेतू काय होता." आणि त्यांनी आपलंच पद उचललं,

"चोर जळाला गे आगी, विष राहिले तव्याअंगी।
इंदू सांगे हात जोडुनी, दोन तासांत ठेवा झाकुनी॥"

मंडपाने टाळ्यांवर पद धरलं. बायका तर दुसऱ्या फेरीला मोठ्याने म्हणू लागल्या. इंदुताईंनी झांज थांबवली. "आणि सोवळं? ते मी सोडलेलं नाही. वरचा कप्पा देवाचाच. खरकट्याला खालचा कप्पा, घट्ट झाकणाचा वेगळा डबा, दोन तुकड्यांमध्ये कागद. हे मी सांगितलं तर सून म्हणाली, आई, हेच शास्त्र. एकाचे जंतू दुसऱ्याला लागू नयेत. मी म्हटलं, बाई गं, हेच तर मी तीस वर्षं ओरडतेय!"

पुढच्या रांगेत ऋजुता ओंजळीत तोंड लपवून हसत होती.

मग डॉ. बिडवई उठल्या. एकेक डबा मंडपात आणून ठेवलेल्या चाचणीच्या फ्रिजच्या देवडीत. पहिला, हिरवा. दुसरा, लाल. तिसरा, हिरवा. चौथा, लाल. पाचवा, हिरवा. सहावा डबा आत गेला. नासिकेचा वासाचा दिवा हिरवा झाला. ऋजुताने शेजारच्या खुर्चीची पाठ घट्ट पकडली.

दरवाजा उघडला नाही.

"वास चांगला आहे," नासिका म्हणाली, "पण ठिपका लाल आहे. हे अन्न ठेवता येणार नाही."

डॉ. बिडवईंनी डबा बाहेर काढला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला. तुकड्याच्या करपलेल्या कडेवर कुंकवासारखा ठसठशीत लाल ठिपका. "रात्रभर ओट्यावर आणि सकाळी तव्यावर," त्या म्हणाल्या. "तूप लावून. माझ्या सासूबाईंची पद्धत." मग त्या हसल्या. "सहापैकी सहा. चाळीसही वाटाघरं मंजूर."

टाळ, टाळ्या आणि हबीबभाईंची पेटी एकदमच वाजली. ऋजुता धावत व्यासपीठावर आली आणि वाकली. इंदुताईंनी तिला वाकू दिलं नाही, तिच्या कपाळाला कपाळ टेकवलं. दोघींचं कुंकू एक झालं.

वाटाघराचा पडदा निघाला. पहिला डबा ओवीने ठेवला, दुपारी आणून लगेच फ्रिजमध्ये ठेवलेला पिझ्झा, कागद घालून नीट रचलेला, कडेला पिवळे ठिपके. गर्दी पांगू लागली तसं फाटकाबाहेर घुटमळणारी एक बाई पुढे आली. कपाळावर हळद, काखेत दवाखान्याची पिशवी. नवरा चार दिवस वॉर्डात होता. गाव अथणीकडचं, मराठी मोडकंतोडकं.

"घेऊ का, अक्का?"

"घे गं. तुझ्यासाठीच आहे."

तिने डबा उघडला. हा पदार्थ तिने कधी खाल्ला नसावा. ती त्या पिवळ्या ठिपक्याकडे निरखून बघत राहिली आणि एकदम तिचा चेहरा उजळला. "भंडारा!" ती म्हणाली. तिच्या देवाच्या देवळात उधळतात ती हळद. तिने तुकडा कपाळाला लावला आणि खाल्ला.

ऋजुता विकराबद्दल काही सांगायला निघाली होती. इंदुताईंनी तिचा हात दाबला. "राहू दे. तिला कळायचं ते कळलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकड आरतीनंतर इंदुताई मुद्दाम वाटाघराशी थांबल्या. नऊच्या सुमारास ती बाई आली. ठणठणीत, डोक्यावरून न्हालेली. हातात ओवीचा डबा, घासून लख्ख केलेला. पण डबा रिकामा नव्हता. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, हे तिच्याही आईने तिला शिकवलं होतं. तळाशी मूठभर भाजक्या शेंगा आणि गुळाचा खडा होता.

तिने डबा देवडीत ठेवला. शेंगा-गुळाला ठिपका लागत नाही, हे नासिकेला शिकवलेलं होतं.

अर्धं मिनिट गेलं. हिरवा दिवा लागला आणि दार उघडलं.